मायना, नमुना आणि मोकळी जागा

एखाद्या जुन्या कागदावर "आष्टी" एवढेंच गांवाचें नांव असलें, तर तो कागद कोठला हें चांगल्या जाणत्या मनुष्यासहि सांगतां यावयाचें नाहीं. फेब्रुवारी १८१८ मध्यें बापू गोखले ज्या लढाईंत पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यांतली. १९४२ च्या ऑगस्टांत जेथील लोकांनीं परसत्तेविरुद्ध उठाव केला ती आष्टी वर्धा जिल्ह्यांतली. बीड जिल्ह्यांत तर आष्टी नांवाचा एक तालुकाच आहे. आणि प्रस्तुत लेखास जी आष्टी निमित्त झाली ती जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतली, गोदावरीच्या खोऱ्यांतली. इतक्या आष्ट्या असून त्यांची कागदोपत्रीं गल्लत होत नाहीं, याचें श्रेय कोणाच्या स्मरणशक्तीस देण्याचें कारण नाहीं. तें कचेरीच्या नमुन्यांत राखून ठेविलेल्या तीन मोकळ्या जागांस द्यावयास हवें : मौजे, तालुका, जिल्हा. या तीन जागा भरल्याशिवाय कागद पुढें सरकत नाहीं. एवढ्या लहान गोष्टीकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. परंतु माणसांचे हक्क, वारसा आणि कधीं कधीं त्यांची ओळखहि अशा मोकळ्या जागांवर अवलंबून असते, हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

आज कचेरींत टांकाची आणि दौतीची जागा संगणकानें घेतली आहे. दहा कारकून, दहा संगणक, आणि कचेरी एक. तथापि त्या एका कचेरीच्या नांवानें बाहेर पडणारें पत्र मात्र दहा तऱ्हांचें असतें. एकाच्या पत्रावर कचेरीनें सोडून दिलेला पत्ता तसाच राहिलेला. दुसऱ्याच्या पत्रांत विषय आधीं आणि संदर्भ मागून. तिसऱ्यानें बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचें पदनाम अद्याप जपून ठेविलेलें. हा घोंटाळा टाळावा म्हणून सर्वांनीं मिळून वापरावयाचे नमुने, ज्यांस संगणकवाले टेम्प्लेट म्हणतात, ते एका सामाईक जागीं ठेवण्याची पद्धत पडली आहे. ही युक्ति पाहून पुष्कळांस वाटतें कीं, हें कांहीं तरी अगदीं नवें निघालें. साधन नवें आहे यांत शंका नाहीं. परंतु पुष्कळ हातांनीं लिहावें आणि कागद मात्र एकाच हातचा दिसावा, हा प्रश्न महाराष्ट्रांतील लेखणीबहाद्दरांस निदान सात शतकें परिचित आहे. आणि त्यांनीं त्यावर काढलेले तोडगे व त्या तोडग्यांतील उणिवा आजच्या कचेरीसहि शिकण्यासारख्या आहेत.

आष्टीच्या मुलखावर तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचें राज्य होतें. महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं हेमाद्रि पंडित होता, हें सर्वश्रुत आहे. सामान्य लोक त्यास हेमाडपंती देवळांवरून ओळखतात, शास्त्री लोक 'चतुर्वर्गचिंतामणी'वरून. पण त्याचा हुद्दा होता श्रीकरणाधिपाचा, म्हणजे राज्याच्या लेखनखात्याच्या मुख्याचा. मोडी लिपीचें जनकत्व परंपरा त्याजकडे देते; त्याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं व आपणांस त्या वादांत शिरण्याचें कारणहि नाहीं. त्याच्या नांवावर चालत आलेलीं 'मेस्तकें' मात्र आपल्या विषयास अगदीं जवळचीं आहेत. मेस्तक म्हणजे कारकुनी लेखनाचे नियम आणि नमुने यांचें टिपण. कोणास कोणता मायना लिहावा, वडिलांस कसें लिहावें, बरोबरीच्यास कसें, हाताखालच्यास कसें, हें त्यांत सांगितलेलें असे. शेजारच्या गुजराथेंतहि याच प्रकारचा 'लेखपद्धति' नांवाचा संस्कृत संग्रह होता. तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ सालीं छापून निघाला. यावरून नमुन्याची गरज एका राज्यापुरती नव्हती, हें उघड आहे.

मायना म्हणजे नुसता शिष्टाचार, असें आपण समजतों. पण तसें नाहीं. 'तीर्थरूप' म्हटलें कीं लिहिणारा लहान ठरला. 'चिरंजीव' म्हटलें कीं मोठा. 'राजमान्य राजश्री' आणि 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' हीं विशेषणें लावण्यांत पलीकडील मनुष्याची पायरी ठरली. मायना चुकला तर मजकूर कितीहि गोड असो, रुसवा ठरलेलाच. म्हणून ही गोष्ट प्रत्येक कारकुनाच्या लहरीवर न सोडतां आधींच ठरवून ठेवणें सोयीचें होतें. मायना, मग विनंति, मग मजकूर, शेवटीं 'बहुत काय लिहिणें' : ही चौकट एकदां हाताखालीं बसली कीं कारकुनाचें सर्व लक्ष मधल्या मजकुराकडे लागे. नमुन्याचा पहिला उपयोग हाच. जें दररोज तेंच तें आहे तें विचारावांचून व्हावें, आणि जें आजचें वेगळें आहे त्यासाठीं विचार शिल्लक राहावा.

मेस्तकाचा एक दोष मात्र त्याच्या जन्माबरोबरच आला होता. तें हातानें उतरून घ्यावें लागे. गुरूच्या प्रतीवरून शिष्यानें, त्याच्या प्रतीवरून त्याच्या मुलानें, असें करतां करतां एका मूळ नमुन्याच्या अनेक शाखा होत. ज्यानें त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें एखादें वाक्य वाढवावें, एखादें गाळावें, आणि आपलीच प्रत मूळ म्हणून पुढें द्यावी. मूळ कोणतें, हें विचारण्यास जागा नाहीं व सांगण्यास कोणी नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण संगणकाच्या कचेरींतहि हाच दोष पुन्हां डोकें वर काढतो.

आष्टीपासून फार दूर नाहीं, त्याच जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव आहे. त्यांचा जन्म १६०८ चा. ब्रह्मज्ञान सांगावयास बसलेल्या या पुरुषानें दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास 'लेखनक्रियानिरूपण' या विषयास दिला, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. तेथला उपदेश पोथी लिहिणारास आहे, कचेरीच्या कारकुनास नाहीं. पण त्यांतील व्यवहारदृष्टि कोणत्याहि कचेरीनें भिंतीवर लावावी अशी आहे. पहिल्या अक्षराचें जें वळण, तेंच ग्रंथ संपेपर्यंत राहावें व सगळा ग्रंथ एकाच टांकानें लिहिल्यासारखा वाटावा, असें ते सांगतात. अक्षर फार बारीक काढूं नये, कारण तरुणपणीं लिहिलेलें म्हातारपणीं वाचतां आलें पाहिजे. आणि पानाच्या चहूं बाजूंस जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाहीं. आज संगणकाच्या नमुन्यांत समास, अक्षराचा आकार आणि वळण हीं आधींच बांधून ठेवितात. त्यांचें कारण याहून थोडक्यांत व याहून चांगलें सांगितलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. समास शोभेसाठीं नसून तो उद्याच्या झिजेसाठीं आहे.

शिवाजीमहाराजांच्या कारकीर्दींत हा प्रश्न राज्याच्या पायरीवर आला. दोन तीन शतकांच्या मुसलमानी अमलामुळें दरबारी भाषा फारसी शब्दांनीं भरली होती. तेव्हां १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांच्या नांवें प्रसिद्ध असलेला 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. सुमारें १,४०० शब्द, दहा वर्ग, आणि त्यांतील एक वर्ग लेखनाचा. कोश म्हणजे शब्दांचा सामाईक नमुनाच होय : प्रत्येक कारकुनानें आपापला प्रतिशब्द शोधीत न बसतां सर्वांनीं एकाच ठिकाणीं पाहावें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य होतांच भाषा संचालनालय निघालें आणि त्यानें पदनामांचे व शासनव्यवहाराचे कोश केले, तें याच परंपरेचें पुढचें पाऊल म्हणतां येईल.

याहून मार्मिक गोष्ट शिक्क्यांची आहे. महाराजांच्या पत्राच्या शिरोभागीं त्यांची प्रसिद्ध मुद्रा असे, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. पण मजकूर जेथें संपे तेथें दुसरा एक लहान शिक्का उठे. त्यावरील अक्षरें 'मर्यादेयं विराजते'. ही येथें मर्यादा झाली. याच्या खालीं कोणी एक ओळ वाढवील तर ती आमची नव्हे, हा त्याचा अर्थ. उत्तरकालीन पत्रांतील 'लेखनसीमा' आणि 'मोर्तब सुद' हीं त्याच जातीचीं. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं पत्राचे दोन भाग चांगले ओळखले होते. एक भाग कारकुनाच्या हातचा, तो दररोज बदलावयाचा. दुसरा भाग राज्याचा, त्यास कारकुनानें हात लावावयाचा नाहीं. शिक्का चिटणीसाच्या खिशांत नसे, तो ठराविक अधिकाऱ्याच्या ताब्यांत असे. हा भेद जेथें कळला तेथें नमुना टिकला.

तथापि नमुन्यांत जें विचारलें नाहीं तें पुढील पिढीस मिळत नाहीं, हा धडाहि त्याच दप्तरांनीं आपणांस दिला आहे. मराठेशाहींतील असंख्य पत्रांवर चंद्र आणि तिथि आहे, पण वर्ष नाहीं. पत्र लिहिणारास व वाचणारास वर्ष ठाऊकच होतें. तें लिहावें कशास? त्या दोघांपुरतें हें खरें होतें. पण ते दोघेहि गेले, सरदार गेले, राज्य गेलें आणि कागद उरला. १८९८ पासून राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापावयास आरंभ केला. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तर लावलें. पुढें १९३० पासून सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग काढले. या सर्वांच्या आयुष्यांतील किती तरी तास एका न लिहिलेल्या आंकड्याच्या पाठीमागें गेले. पत्रांत अमक्या मोहिमेचा उल्लेख, तमक्या मनुष्याच्या मृत्यूची बातमी, यांवरून वर्ष ताडावयाचें. मायन्यास चार ओळी देणाऱ्या नमुन्यानें वर्षासाठीं अर्धा इंच राखून ठेविला असता, तर हें तपश्चर्येइतकें कठीण काम वांचलें असतें. नमुना आजच्या वाचकासाठीं असतो, तसाच तो ज्यास आपण कधीं पाहणार नाहीं अशा वाचकासाठींहि असतो.

इंग्रजी अमलांत छापखाना आला आणि मेस्तकाचा जुना दोष बराच दूर झाला. छापील नमुना हजार गांवीं एकच जातो. त्यांत कारकुनास ओळ वाढवितां येत नाहीं. मुंबई इलाख्यांत जमीनमोजणी व आकारणी यांची पद्धति १८४७ च्या संयुक्त अहवालानें बसली, १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणी आली, आणि हळूहळू गांवच्या दप्तराचे ठराविक 'गांव नमुने' झाले. त्यांची अनुक्रमणिका १ पासून २१ पर्यंत जाते : पहिला आकारबंदाचा, सहावा फेरफाराचा, सातवा हक्काचा, बारावा पिकांचा, एकविसावा तलाठ्याच्या रोजनिशीचा. सातवा आणि बारावा एका कागदावर आले म्हणून 'सातबारा' झाला. ज्या शब्दावर शेतकऱ्याचा संसार उभा आहे, आणि 'सातबारा कोरा' अशी घोषणा देऊन ज्याच्या नांवानें मोर्चे निघतात, तो शब्द म्हणजे केवळ दोन कचेरी नमुन्यांचे क्रमांक होत, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानांत येते?

आष्टीची कथा याहून वांकडी आहे, कारण ती निजामाच्या राज्यांत होती. तेथें पहिल्या सालारजंगांनीं १८६५ सालीं जिल्हाबंदी केली. १८८४ सालीं कारभारांतील फारसी जाऊन उर्दू आली. गांवचा लिहिणारा मराठी, वरची कचेरी उर्दू. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें; १९५४-५५ सालचें खासरा पाहणीपत्रक मराठवाड्याचे शेतकरी आजहि जमिनीच्या तंट्यांत शोधीत असतात. नोव्हेंबर १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. महाराष्ट्राचा जमीन महसूल कायदा १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलांत आला. शेवटीं १ मे १९८१ रोजीं परतूर तालुका परभणी जिल्ह्यांतून निघून नव्या जालना जिल्ह्यांत गेला. जमीन हालली नाहीं, बांध हालला नाहीं, माणसें तींच. पण त्यांच्या कागदाची भाषा, लिपि, नमुना आणि जिल्हा हीं एका दीर्घायुषी मनुष्याच्या हयातींत बदलून गेलीं. अशा मुलखांत आजोबाचा कागद नातवास वाचतां येत नाहीं, यांत नवल कसलें?

या गोष्टीचा मोल २०२३ सालीं सर्वांस कळून आला. जालना जिल्ह्यांतीलच अंबड तालुक्यांत, अंतरवाली सराटी येथें, मराठा समाजाच्या आरक्षणासाठीं उपोषण झालें. आणि त्या सप्टेंबरांत सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमून निजामकालीन दप्तरांत 'कुणबी' अशी नोंद कोठें आहे याचा शोध आरंभिला. महसुलाचे कागद, जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांचे दाखले यांची चाळणी झाली. मोडी व उर्दू वाचणारे मिळविण्याची धांवपळ झाली. त्या मागणीच्या न्यायान्यायाचा निवाडा करणें हा या लेखाचा विषय नव्हे. पण लक्षांत घेण्याजोगें हें कीं, कोणा गांवच्या लिहिणारानें कंटाळत, दिवेलागणीच्या आंत वही संपवावी म्हणून भरलेल्या एका रकान्यावर पणतवंडांचें शिक्षण आणि नोकरी टांगलेली राहिली. ज्या वहींत तो रकाना होता त्या घरास पुरावा मिळाला. ज्या वहींत नव्हता त्या घरास मिळाला नाहीं. दोन्ही घरांत फरक असेलच असें नाहीं. फरक नमुन्यांत होता.

उलट बाजूचेंहि एक उदाहरण अगदीं ताजें आहे. मार्च २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें ठरविलें कीं, १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर त्याच्या नांवापुढें आधीं आईचें नांव, मग बापाचें, मग आडनांव लिहावें. शेंकडों वर्षें ज्या नांवास कागदावर जागा नव्हती त्यास एका रकान्यानें जागा दिली. व्याख्यानें देऊन जें साधत नाहीं तें कधीं कधीं नमुना बदलून साधतें. कारण व्याख्यान ऐकून मनुष्य घरीं जातो, आणि रकाना मात्र भरल्यावांचून सोडीत नाहीं. आष्टीसारख्या समान नांवांच्या गांवांचीहि अशीच सोय झाली : २०२० सालीं सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हां गांवाच्या नांवाबरोबर त्याचा सांकेतिक क्रमांकहि त्यावर आला.

आतां पुन्हां त्या दहा संगणकांच्या कचेरीकडे वळूं. तेथें नमुने बसविण्याची रीत थोडक्यांत अशी. कचेरीच्या मुख्य संगणकावर, ज्यास सर्व्हर म्हणतात, नमुन्यांसाठीं एकच फोल्डर ठेवावयाचा. तो वाचण्याचा अधिकार सर्वांस, त्यांत फेरफार करण्याचा अधिकार एक दोघांसच. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या मांडणींत प्रत्येकाच्या खाजगी नमुन्यांची जागा वेगळी आणि सर्वांच्या सामाईक नमुन्यांची जागा वेगळी सांगण्याची सोय आहे; प्रत्येक संगणकास ती सामाईक जागा एकदां दाखवून द्यावी. मग कोणीहि नमुना उघडला कीं त्यास नवा कोरा कागद मिळतो आणि मूळ जागच्या जागीं अभंग राहतें. शिक्का कारकुनाच्या हातीं न देण्याचा जुना नियम तो हाच.

इतकें करूनहि जुना दोष मागील दारानें शिरतो. कारकुनास नमुना शोधण्यापेक्षां कालचें पत्र उघडून त्यावरच आजचें लिहिणें सोपें वाटतें. आणि कालच्या पत्रांतील एखादें नांव, एखादी तारीख आजच्या पत्रांत तशीच निघून जाते. प्रस्तुत लेखकासहि एकदां एका कचेरीकडून असें पत्र आलें कीं, वर पत्ता त्याचा आणि आंत विनंति दुसऱ्याच कोणाची! मेस्तकाच्या प्रतीची प्रत काढणारा तो शिष्य अद्याप जिवंत आहे, एवढेंच म्हणावयाचें. शिवाय नमुना सुधारला तरी त्यावरून पूर्वीं निघालेल्या पत्रांचा मजकूर आपोआप सुधारत नाहीं. तेव्हां प्रत्येक नमुन्यावर त्याच्या सुधारणेची तारीख असावी, हें वर्षावांचूनच्या पत्रांनीं आपणांस आधींच शिकविलें आहे. देवनागरीची आणखी एक अडचण होती : एका संगणकावरील अक्षरवळण दुसऱ्यावर नसलें तर सगळें पत्र अगम्य चिन्हांचा ढीग होई. १९९१ पासून युनिकोडांत देवनागरीस जगभर एकच संकेत मिळाला. ज्या कचेरीनें तो स्वीकारला तिचा नमुना दुसऱ्या कचेरींत वाचतां येतो. न स्वीकारणाऱ्या कचेरीनें मोडी आणि उर्दू दप्तरांचें भवितव्य आपल्या कागदांसाठीं स्वखुषीनें निवडलें, असें म्हणावें लागेल.

मराठींत एक जोडशब्द आहे : अमका-फलाणा. त्यांतील 'अमका' संस्कृत 'अमुक' यापासून आला आणि 'फलाणा' अरबींतून. दोन निरनिराळ्या दप्तरांनीं मोकळ्या जागेस दिलेलीं दोन नांवें आपल्या बोलण्यांत शेजारीं शेजारीं येऊन बसलीं आहेत. राज्यें बदललीं, लिपि बदलली, कागद जाऊन पडदा आला. पण अमक्या-फलाण्याची जागा कोणी तरी आधीं आंखून ठेवावी लागते, हें बदललें नाहीं. म्हणून सामाईक नमुना आंखणारानें, मग तो श्रीकरणाधिप असो वा लहानशा कचेरींतील संगणक सांभाळणारा मुलगा असो, पत्र सुबक दिसतें कीं नाहीं एवढेंच पाहून थांबूं नये. शंभर वर्षांनीं आष्टीच्या कोणा मुलीनें आपल्या घराण्याचा शोध घेत हा कागद उघडला, तर तिला जें विचारावयाचें असेल त्यासाठीं आपण यांत जागा सोडली आहे काय, हा प्रश्न त्यानें स्वतःस एकदां विचारावा.